आई टेबलाशी बसली होती

धुळे, मंगळवार, १३ फेब्रुवारी १९६८

आज विमलच्या वहीवर लाल फुली मारली. ती फुली काही डोळ्यांपुढून हलत नाही.

नववीला इंग्रजी उतारा दिला होता, एका कुटुंबाच्या न्याहारीचा. प्रश्न अगदी सोपा. आई कुठे बसली होती? उताऱ्यात स्पष्ट लिहिलंय, टेबलाशी, वडिलांच्या शेजारी. विमलने चांगल्या इंग्रजीत लिहिलं, आई चुलीपाशी बसली होती.

मी चिडले. "अगं, उतारा वाचलास का?"

"वाचला ना बाई. मला वाटलं, चुकून छापलंय." मग घरची अहिराणीच तोंडात आली. "बठ्ठास्ना आधी माय कशी बसी?"

सगळ्यांच्या आधी आई कशी बसेल, म्हणे. वर्ग हसला. मी हसले नाही, पण फुलीही खोडली नाही. उत्तर उताऱ्यातून द्यायचं, घरातून नाही, हे किती वेळा सांगायचं? वार्षिक परीक्षेत इंग्रजी राहिलं तर शाळा बंद, असं तिच्या वडिलांनी बजावलंय. पेपर दुसरे सर तपासणार. तेही फुलीच मारतील.

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर असेच उतारे द्यायच्या. माझं उत्तर कधी चुकलं नाही. सिस्टर गालाला हात लावायच्या. तो थंड, साबणाच्या वासाचा हात अजून आठवतो. पण विमलला पडला तो प्रश्न मला तेव्हा कसा पडला नाही?

उद्या मधल्या सुट्टीत तिला बसवून घेईन. घर विसर आणि लिही, असं सांगावं लागेल. सांगवेल का?

आत्ता सगळ्यांची जेवणं झाली. माझं ताट वाढून घेतलंय, स्टोव्हपाशी.