पहिल्या नगावरचा टिळा

मंगळवार, संध्याकाळ

तुटला. विमानाच्या इंजिनाचं पातं, चाचणीसाठी मिळालेला एकुलता एक नग. लेझरचा मारा केल्यावर धातू साध्या पात्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा वाकणं सोसतो, हेच तर दाखवायचं होतं. हा साध्याच्याही आधी गेला. ग्राहकाने फोनवरच सांगितलं, आता काम परदेशातच पाठवतो. मरोळच्या या गाळ्यात लेझर आणा म्हणून मालकांच्या मागे मीच लागले होते. वाट लागली सगळ्याची.

तुटल्या जागी बोटाएवढा जळका डाग आहे. लेझरने धातू जळू नये म्हणून आधी वर काळी टेप चिकटवतो आम्ही. तिथे ती सुटली असणार. पण का? टेप कदम काका लावतात, आणि त्यांचं काम इतकं चोख की मी तपासतही नाही.

चहाच्या वेळी सहज विचारलं. म्हणाले, "पहिला नग होता ना गं, पूजेत ओलं कुंकू लावलेलं. पुसलं तर अपशकुन. म्हणून तशीच वरून टेप लावली."

बोटाएवढा डाग. काकांच्याच बोटाएवढा.

मालकांना सांगू? सांगितलं तर काका उद्यापासून घरी, आणि दुसरा नग तरीही मिळणार नाहीच. नाही सांगितलं तर लेझर खोटा, मी खोटी.

निघताना काकांनी तो तुकडा उचलला, डागावरून हळूच अंगठा फिरवला. "कुणाची तरी नजर लागली गं. उद्या येताना नारळ आणतो."

आणा, म्हटलं.