पांढरीच्या सीटखालचा भुंगा

सोम. ५ जाने., अर्नाळा

मस्कतहून काल आलो. बारा दिवस सुट्टी. ताटात भात पडायच्या आधीच आय म्हणाली, "पांढरी परत बंद पडली. महिन्याभरात चौथ्यांदा."

पांढरी म्हणजे आमची जुनी गाडी. मागच्या सुट्टीत मीच घेतली. मासळी न्यायला सेडान कोण घेतं, म्हणून अख्खा पाडा हसला होता. पण टेम्पोत दहा बायकांत दाटीने जायचं आयचं सुटलं. कल्पी, माझी बहीण, चालवते. एव्हरशाईन सिटीत आयची स्वतःची गिऱ्हाईकं झाली.

मामा म्हणतो, रविवारी कामणचा भंगारवाला आणतो. बोटीचं इंजिन सांभाळून त्याचे केस पिकले, त्याचा शब्द घरात चालतो. टेम्पोवाल्याचा नंबर आयने भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय. म्हणजे परत टेम्पो.

मंगळ. ६

प्लग काढून साफ केले. एअर फिल्टर नवीन. बॅटरीची टोकं गरम पाण्याने धुतली. निर्मळपर्यंत दोन फेऱ्या, लोण्यासारखी पळाली. आज मी राजा.

बुध. ७

राजा उतरला. कल्पी मासळी भरून निघाली, निर्मळच्या गतिरोधकावर बंद. फोनवर म्हणते, "दादा, तुझी राणी रस्त्यात बसलीय. बर्फ वितळतोय, ये लवकर." केळीवाल्याने धक्का दिला, तरी नाही. मासळी रिक्षातून गेली.

मामा : "बोट अशी थांबली असती तर आमी पोहत घरी आलो असतो रं."

गुरु. ८

विरारच्या गॅरेजला न्यायची ठरली. सकाळी बघतो तर आय डिकी घासतेय. चार बादल्या पाणी, मग फिनेल, मग अगरबत्ती. म्हटलं, हे काय?

"दरवेळी करते. तो गॅरेजवाला नाकाला रुमाल लावतो. लोकांनी नावं ठेवायला नको."

गॅरेजवाल्याने फिरवून आणली. म्हणाला, गाडी मस्त आहे. याआधी तीनदा हेच म्हणालाय.

परत येताना डोक्यात एकच. रिकामी असली की चालते. भरलेली त्याने कधी बघितलीच नाही. आम्हीच दाखवली नाही. धुऊन, अगरबत्ती लावून...

शुक्र. ९

गॅरेज बास. मीच बघणार. सहा क्रेट भरले, बोंबील, कोळंबी, वर बर्फ. आयला मागे बसवलं, कल्पी बाजूला. "वास येतोय रं," आय. म्हटलं येऊ दे.

त्याच गतिरोधकावर बंद. गाडी बंद पडल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

चावी फिरवली. मागून आय : "भुंगा नाय बोलला."

कसला भुंगा?

"चावी फिरवली की सीटखाली जरासा बोलतो. बंद पडते तवा नाय बोलत. कवापासून सांगते, कोन ऐकतं?"

कल्पी म्हणाली, हो, सांगते ती. आम्ही हसायचो.

सीटखाली पेट्रोलचा पंप. चावी फिरवली की तोच गुणगुणतो. आयला उठवलं, सीट उचलली. खाली चिंब. पंपाची अर्थिंगची वायर बॉडीला जिथे बोल्टने लावतात तिथे नुसता गंजाचा गोळा. बर्फाचं खारं पाणी डिकीतून झिरपून इथे साठायचं, वर आयच्या बादल्या. रिकामी असली की वायर कशीबशी टेकून राहायची. वजन पडलं, धक्का बसला की सुटायची.

वायर हाताने दाबून धरली. कल्पीने चावी फिरवली. भुंगा बोलला. आय पदर तोंडाला लावून हसली.

शनि. १०

पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला. नवीन बोल्ट, वायरीला नवीन टोक, वर ग्रीस. दहा नंबरचा पाना तासभर शोधला, कल्पी त्याच्यावर बसली होती.

पण पाणी परत येणारच, त्याचं काय? सुचेना. मामा मघापासून बघत उभा. "डिकीला फायबर मार. बोटीच्या खणाला मारतो तसं." म्हटलं, मला नाय येत. गेला. वाटलं रागावला. फायबरचा डबा नि ब्रश घेऊन आला. "बाजूला हो. नि पानी जायला खाली भोक ठेव, शाना."

रवि. ११

भंगारवाला आला. मामाच पुढे झाला. "कोनची गाडी? ही? ही बोट हाय आमची." चहा पाजून परत पाठवला.

आयने भिंतीवरचा नंबर ओल्या फडक्याने पुसला. कुणी बघत नाही असं बघून.

मंगळ. १३

डिकी भरून एव्हरशाईन सिटी. जाताना एकवीस गतिरोधक, एकही हळू घेतला नाही. एकदाही बंद नाही. आय गिऱ्हाईकाला सांगत होती, "माझ्या पोराने नीट केली." मग पापलेट उलटवत, "नि मी."

शुक्र. २३, मस्कत

परत कोल्ड स्टोअर. दुसऱ्यांची मासळी उचलतोय. करमत नाही. ही तिसरी नोकरी, आणि हिच्यातही तेच.

दुपारी कल्पीचा निरोप. पांढरी रोज जाते. शेजारच्या वेणूमावशीची गाडी रुसली, तर आयने तिला बजावलं, गॅरेजला धुऊन नेऊ नको, हाय तशी ने.

मग रेकॉर्ड केलेला आयचा आवाज : "भुंगा आज जाडा बोलला. तू ऐक." आणि मागे भुंगा, दोन सेकंद. तीनदा ऐकलं, जाडा वाटला. चौथ्यांदा नाही. पंप जातोय, का माझा फोनच तसा?

विचारलं, आय, तेव्हा डिकी रिकामी होती का भरलेली?

अजून उत्तर नाही. विकायला बसली असेल.