गाडी कुणी हलवली?

१० नोव्हेंबर, सोमवार

दंड! आणि तो पण मला!

दुपारी शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होते तेवढ्यात मेसेज आला. मागच्या गुरुवारी ज्या सोलापूरच्या एजन्सीकडून गाडी भाड्यानं घेतली होती, त्यांचा. धाराशिवच्या खाजगी पार्किंगमध्ये आमची गाडी म्हणे डॉक्टरांच्या राखीव जागेत उभी होती. दोन हजार रुपये चार्ज, डिपॉझिटमधून कापणार. सोबत फोटो. गाडी आमचीच. गाडीमागच्या पाटीवरचं ‘राखीव’ स्वच्छ वाचता येतंय.

पण मी तिथं लावलीच नव्हती! भिंतीलगत लावली होती, लिंबाच्या झाडाखाली. लायसन मिळून जेमतेम सहा महिने झालेत. गाडी लावताना अजून चारदा मागंपुढं करते. मी कशाला जाईन डॉक्टरांच्या जागेत?

सासूसासऱ्यांना घेऊन गेले होते, आबांच्या कानाच्या मशीनसाठी. आबांना धरून मी दवाखान्यात नेलं. आईंचा गुडघा दुखतो म्हणून त्या मागच्या सीटवरच बसल्या. उकडू नये म्हणून काचा अर्ध्या उघड्या ठेवल्या, किल्ली त्यांच्यापाशी. परत आलो तर गाडी मला भलतीकडंच दिसली. ‘आई, गाडी झाडाखाली होती ना?’ तर म्हणाल्या, ‘इथंच तर होती.’ मग म्हटलं, आपलंच डोकं फिरलं असेल.

रात्री उत्कर्षचा पुण्याहून फोन. नवरेशाही सुरात— ‘भरून टाक आणि विषय संपव.’

नाही भरणार!

११ नोव्हेंबर, मंगळवार

फोटो सापडला! मीच काढलेला! गाडी लावल्या लावल्या उत्कर्षला मिरवायला पाठवला होता— ‘बघ, सरळ लावली की नाही?’ भिंत, लिंबाचं झाड, खाली आमची गाडी. मागच्या काचेत आईंचा अंबाडा पण दिसतोय.

म्हणजे माझं डोकं फिरलेलं नाही. गाडी हललीच होती.

एजन्सीला तक्रार पाठवली. पार्किंगच्या मालकाला पण. दिग्विजय नाव आहे त्याचं, पावतीवर नंबर होता. चांगलं खरमरीत लिहिलं— ‘दंड उकळण्यासाठी तुमच्याच माणसानं गाडी राखीव जागेत नेली असणार.’ लिहून झाल्यावर लई बरं वाटलं.

आईंना परत विचारलं. मेथी निवडत होत्या. ‘मला डुलकी लागली होती गं,’ एवढंच म्हणाल्या. वर बघितलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

एजन्सीचं उत्तर— वाद मिटेपर्यंत तुम्हाला गाडी मिळणार नाही. आणि आबांचं मशीन तपासायला पुढच्या महिन्यात परत जायचंय. एसटीच्या गर्दीत त्यांना चढवायचं कसं?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जिंकले!

दिग्विजयचा फोन आला. बोलायला नम्र आहे पोरगा. ‘मॅडम, सॉरी. आमच्या धुळाप्पानं कबूल केलं. गाडी मीच हलवली म्हणतो. काढून टाकलं त्याला आज. तुमचा चार्ज रद्द.’

मी थँक्यू म्हटलं. फोन ठेवताना तोच म्हणाला, ‘कशी हलवली विचारलं तर मात्र तोंड उघडत नाही.’

तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. कशी हलवली? किल्ली आईंच्या हातात होती. आई गाडीत होत्या. परका माणूस पुढं येऊन बसला, गाडी सुरू केली, मागं घेतली, दुसरीकडं लावली— आणि आईंना जाग आली नाही? आमच्या घरात भांड्यावर मांजराचं पाऊल पडलं तरी उठून बसणारी बाई!

जेवताना सांगितलं, त्या पार्किंगवाल्याला कामावरून काढलं म्हणून. आईंचा घास हातातच राहिला.

‘काढलं? कुणाला? धुळाप्पाला?’

मी नाव घेतलंच नव्हतं.

ताट तसंच सारून उठल्या. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज जे बघितलं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी उठले तर आई तयार. इरकल नेसलेल्या, हातात पिशवी. आबा पूजेला बसले होते. ‘शाळेला सुट्टी कळव. धाराशिवला जायचंय.’ बस. एसटीत खिडकीशी बसल्या.

पार्किंगमध्ये दिग्विजयची पत्र्याची केबिन आहे. आई आत गेल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, ‘धुळाप्पाला परत घ्या. गाडी मी हलवली.’

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

दिग्विजय उठून उभा राहिला. खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग हसला. कुचकट नाही, मायेनंच. ‘आजी, त्याची कीव आली तुम्हाला, कळतंय मला. पण खोटं कशाला बोलता? गाडी म्हणजे काय...’

‘तुझी गाडी कुठली?’

त्यानं बोट दाखवलं. बाहेर एक काळी धिप्पाड गाडी उभी होती, आमच्या स्वयंपाकघरापेक्षा मोठी वाटली मला.

‘किल्ली दे.’

तो माझ्याकडं बघायला लागला. मला तरी काय माहीत होतं! त्यानं गंमत म्हणून किल्ली पुढं केली असावी. आईंनी ती घेतली आणि निघाल्या.

चपला काढून पायरीखाली ठेवल्या. पदर कमरेला खोचला. वर चढल्या— गुडघा कुठं गेला होता कुणास ठाऊक! सीट पुढं ओढली. तिन्ही आरसे हलवून बघितले. गिअरची मूठ नुसतीच दोन-तीनदा इकडं तिकडं करून बघितली, आपण दुकानात नवी कढई हातात तोलून बघतो तशी. आणि सुरू केली.

गाड्यांमधल्या त्या अरुंद बोळातून मी सरळ जाताना सुद्धा श्वास धरते. आई मागं मागं घेत गेल्या. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गाड्यांची रांग. एकदाही थांबल्या नाहीत. पार लिंबाच्या झाडापर्यंत! तिथं वळवली. भिंत आणि एका टेम्पोच्या मधे जागा होती— जागा कसली, फट! एका झटक्यात आत. सरळ. इंजिन बंद.

बाई गं! माझ्या अंगावर काटा आला. दिग्विजयचं तोंड उघडं ते उघडंच. दोन रिक्षावाले उभे होते, त्यातल्या एकानं हात जोडले.

आई उतरल्या, चपला घातल्या, किल्ली दिग्विजयच्या हातावर ठेवली. ‘क्लच कडक आहे तुझा. बघून घे.’

दिग्विजयनं स्वतः फोन करून धुळाप्पाला बोलावलं. पन्नाशीचा, काटकुळा माणूस, जळकोटकडचा. आईंना बघितल्यावर आधी त्याचा चेहराच पडला. ‘आजी, म्या कुनाला बोललो न्हाय बगा!’

‘माहीत आहे. मीच बोलले. आता सांगा तुम्ही.’

मग त्यानं सांगितलं. आम्ही दवाखान्यात गेलो आणि इकडं एक पिकअप आला. उसात काम करणाऱ्या बाईला साप चावला होता, तिला मागं झोपवून आणलेलं. मोठ्या दवाखान्याचं मागचं फाटक या पार्किंगमधूनच आहे. एका टेम्पोवाल्यानं बोळात टेम्पो आडवा घालून ठेवलेला आणि स्वतः गायब. आमची गाडी निघाली तरच वाट होणार. ‘म्या वरडायलो, डायवर कुठाय, डायवर कुठाय! तर ह्या आजी मागनं उतरल्या आन् फुडं बसल्या. मला वाटलं, गेली गाडी भितीवर! एक डाव मागं, एक डाव फुडं— वाट मोकळी! ती डाक्टरची जागा तेवढी रिकामी हुती, तितं लावली. पुना मागं जाऊन बसल्या. म्हनल्या, घरी कळू देऊ नका.’

‘आणि ती बाई?’

‘वाचली की ताई. चालत गेली घरला.’

मी पुढं झाले. म्हटलं, ‘धुळाप्पा, मी तुमच्यावर आळ घेतला. माफ करा मला. पण तुम्ही मीच हलवली असं कामून सांगितलं? काम गेलं ना तुमचं!’

तो माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मी काहीतरी येडपटासारखं विचारलंय.

‘आजींला शब्द दिल्ता न्हवं का.’

बस एवढंच. ज्या बाईला तो आयुष्यात एकदा भेटला, तिला दिलेला शब्द! दिग्विजयनं सोमवारपासून ये म्हणून सांगितलं. धुळाप्पा म्हणाला, ‘सोमवार कशाला? आलोच हाय की,’ आणि शिट्टी गळ्यात अडकवून एका जीपला वाट दाखवायला धावला.

परतीच्या एसटीत आई आपणहून बोलल्या. धाराशिवकडच्याच वाशीला, माहेरी, त्यांच्या थोरल्या दादांची जीप होती. दादांनीच शिकवलं, शेताच्या वाटेवर. मग दादांचा हात मोडला आणि हात बरा होईपर्यंत जीप आईंनीच चालवली— बियाणं, खत, बाजारहाट, सगळं. ‘लायसन?’ मी विचारलं. ‘तेव्हा वाशीत कोण विचारतंय!’ म्हणाल्या आणि पदरात हसल्या. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

‘मग सोडलं का?’

‘लग्न ठरलं. वडील म्हणाले, तुळजापूरची मास्तरांची माणसं आहेत, शिस्तीची. पोरगी जीप फिरवते म्हटलं तर मोडतील. तिकडं बोलू नकोस. नाही बोलले.’

चाळीस वर्षं! लग्नाआधीची, पुरी चाळीस वर्षं कुणाला न दाखवलेली गोष्ट. आणि एक बाई मरणाच्या दारात दिसली तर क्षणभर विचार केला नाही.

‘यांना सांगू नकोस,’ म्हणाल्या. ‘या वयात फसवल्यासारखं वाटेल त्यांना.’

मी पण शब्द दिलाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

आई भाकरी थापत होत्या. मी नुसती त्यांच्या हातांकडं बघत बसले. ‘काय गं, काय बघतेस?’ ‘काही नाही.’ दहा वर्षं या बाईशेजारी उभी राहून मी कांदे चिरले!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी आबा ओट्यावर होते. मला हाक मारली आणि आईंचं नाव घेऊन हळूच विचारलं, ‘शारदेनं चालवली ना गाडी?’

शब्द दिलाय!

‘राखीव जागेत गाडी बघितली तेव्हाच ओळखलं मी. मुलगी बघायला गेलो, त्याच्या आदल्या दिवशी वाशीच्या बाजारात पाहिलं होतं हिला. जीपवर. बैलगाड्यांच्या गर्दीतून अशी काढली तिनं जीप, मी बघतच राहिलो. घरी जाऊन वडलांना सांगितलं, करीन तर हीच. पुढं ती कधी बोललीच नाही. मला वाटलं, तिलाच नको असेल तो विषय.’

मी एवढंच म्हटलं, ‘आबा, हे तुम्ही त्यांना सांगा.’

आबा उठले. काठी इथंच विसरून आत स्वयंपाकघरात गेलेत. मी बाहेर थांबलेय.