दुर्बीण नसलेली रायफल

सांगली,
८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप अण्णांस,
अरिहंतचा सादर जय जिनेंद्र.

मी आणि प्रिया, दोघं बरी आहोत. लोणंदला चंदनाताईकडे तुमचे उपवास नीट पार पडले, हे तिच्याकडून कळलं. हळदीच्या पेढीवर सध्या काम बेताचंच आहे. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहितो.

रायफल मी डोळे झाकून घेतलेली नाही. मिरजेतल्या एका दुकानात स्प्रिंगची नवी बारा हजारांना होती, वर दुर्बीण फुकट. आपल्या प्रियाच्या नेमबाजीच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, पण दर ऐकून मी थांबलो. वाटलं, सरावाला तरी होईल. दुकानदार म्हणाला, "घ्या साहेब, चिंचेवरची साळुंकी टप्पकन खाली!" मी ती काउंटरवर ठेवली आणि बाहेर येऊन हात धुतले.

मग एका खेळाडूची जुनी घेतली, दाबलेल्या हवेवर चालणारी, एक लाख तीस हजारांना. माझ्या साठवलेल्या पगारातून. तिला काच नाही. मागं बारीक भोक, पुढं कडं, आणि दहा मीटरवर कागद. हातमोजासुद्धा कातड्याचा नको म्हणून कापडी शोधला. छऱ्यांचा डबा आठवडाभरही पुरत नाही. तो खर्च मात्र मी कमी धरला होता.

घर सोडून लोणंदला जाताना तुम्ही म्हणालात, "आज कागुद, उद्या कबूतर. हत्यार हाय त्या घरात मी जेवणार न्हाई." त्यावर प्रिया म्हणाली, "आवं अण्णा, छर्रा लय महाग हाय, कबुतरावर कोण घालवंल?" तुम्हाला ते उलट बोलणं वाटलं. मला हसू आलं, आणि तुम्ही ते पाहिलंत.

इतकं लिहिलं ते पुढचं लांबवण्यासाठीच. काल संध्याकाळी तिनं रायफल पुसून पेटीत घातली आणि म्हणाली, "दादा, परत देऊन ये. अण्णा जेवायला येऊ देत." राज्य स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. ती रडली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी पेटी घेऊन एसटी स्टँडपर्यंत गेलो, आणि तशीच परत आणली.

अण्णा, रायफल परत द्यायचीच असेल तर तुम्ही या, आणि तुमच्या हातानं तिच्या हातातून घ्या. मी एक शब्द बोलणार नाही. पण मला ते जमणार नाही.

आज क्षमावाणी. जाणता-अजाणता तुम्हाला दुखवलं असेल, त्याची मनापासून क्षमा मागतो. रायफलीची मागत नाही.

तुमचाच,
अरिहंत