ताणावरचं झाड

रास अल खैमा
२० फेब्रुवारी १९९९

प्रिय कुंदा,

तुझं पत्र मिळालं. सुरेशनी घातलेल्या मागणीला मीच नकार कळवावा म्हणतेस. वर 'माझं झाड वाळलं, ताई' असंही लिहितेस. पस्तिशीत? कपाळ माझं! अजून काही कळवलेलं नाही. आधी माझ्या क्रॅबॲपलची बातमी ऐक.

तेच गं, अंगणातलं शोभेचं सफरचंद. नर्सरीवाल्याने फोटोत गुलाबी बहर दाखवला आणि मी भुलले. घरी आणल्यापासून नुसती पानं. त्याला कडाक्याची थंडी लागते म्हणे, ती इथे कुठून आणू? तुझे दाजी म्हणाले, खलास, उपटून टाक. पण आपण सांगोल्याच्या डाळिंबवाल्याच्या लेकी! बहार धरायला आप्पा डाळिंबाला ताण देतात, तसा मी त्याला दिला. पाणी तोडलं, उरलीसुरली पानं हाताने ओरबाडली.

गेल्या हिवाळ्यात तू इथेच होतीस. शेजारी एकट्याने राहणाऱ्या सुरेशना त्या बोडक्या झाडाची दया आली आणि हा भला माणूस रोज चोरून बादलीभर पाणी ओतत राहिला. ताण मोडला, बहर गेला. मी असं झापलं की बिचारे बादली धरून उभेच! आणि तू पोट धरून हसलीस. तुझे मधुकरराव गेल्यापासून तुझं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आत जाऊन रडले मी.

यंदा पुन्हा ताण दिला, आणि राखण सुरेशनीच केली. कोणी पाइप घेऊन फिरकलं की सुरेश आडवे! आमची अस्मी येता-जाता 'इट्स डेड, मम्मा' म्हणायची. शेवटी आप्पा करतात तसं मी फांदीला नख लावून पाहिलं. आत हिरवं होतं. मग पाणी सोडलं. काल फुलं उमलली, कुंदे! मूठभरच आहेत, पण अख्खी गल्ली बघून गेली.

सुरेश पुढच्या महिन्यात सुट्टीवर तिकडे येताहेत, आप्पांना भेटायला घरी येतील. नकार द्यायचाच असेल तर तूच तोंडावर दे, मी मध्ये पडायची नाही. पण परवा फोन ठेवता ठेवता तू हळूच विचारलंस, ते अजून चोरून पाणी घालतात का म्हणून. वाळलेलं झाड असं विचारत नाही, बाई. तुझ्या आवाजालाही मी तेव्हा नख लावून पाहिलं. आत हिरवं आहे.

तुझीच, हट्टी
हेमाताई