शीग चढवलेला शंकू

तीर्थस्वरूप तारामती मावशीस,

निलंग्याहून पूनमचा नमस्कार. मी आणि तनुजा दोघी ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे ते सविस्तर कळव. "बरा हाय" एवढ्यावरून मला काही समजत नाही. जिना चढताना दुखतो की उतरताना, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तू घेतेस की शेजारणीला वाटतेस, तेही लिही. फोनच केला असता, पण तुझा फोन अंगदकाका स्पीकरवर लावून मध्ये ठेवतात, आणि मला त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे. म्हणून ऑफिसातली विशाखा नांदेडला येतेय, तिच्या हाती हे पत्र.

विषय तुझ्या लेकीच्या भूमितीचा. सराव परीक्षेत तिला चाळीसपैकी अकरा गुण पडले, हे काकांना कळलेलंच आहे. मला म्हणाले, "तू इंजिनेर, म्हणून तुझ्याकडं ठेवली दहावीला, आन् हे असं? रविवारी येऊन घेऊन जातो तिला. घरी बसून अभ्यास करंल, परीक्षेपुरती आणून सोडतो. लातूरचं डिप्लोमा-बिप्लोमा आता डोक्यातून काढा." मी "बरं" म्हणाले. (मी फोनवर नेहमी "बरं"च म्हणते. त्याचा अर्थ ऐकलं, एवढाच असतो.)

मग मी तिची उत्तरपत्रिका घेऊन बसले. मावशी, इतरही चुका आहेत, पण त्या कुणाच्याही होतात. घनफळाची गोष्ट निराळी आहे. तंबू, टोपी, आईस्क्रीमचा कोन, जिथे जिथे शंकू आला तिथे तिथे तिने त्याचं घनफळ वृत्तचितीच्या निम्मं धरलंय. (वृत्तचिती म्हणजे सरळ उभा डबा. तेवढ्याच तोंडाचा आणि तेवढ्याच उंचीचा शंकू त्याच्या एक तृतीयांश असतो, निम्मा नाही.) गुणाकार बरोबर, एककंसुद्धा न विसरता लिहिलेली. बाईंनी लाल शाईत शेरा मारलाय, "सूत्र पाठ कर." मी तिला विचारलं, पाठ का नाही केलंस? तर म्हणाली, "पाठ कशाला, ताई? मी मोजून बघितलंय की."

आता हे मोजणं कसं झालं ते सांगते. सूत्रावर तिचा विश्वास बसेना, म्हणून मीच पुठ्ठ्याचा एक शंकू आणि तेवढ्याच तोंडाची, तेवढ्याच उंचीची वृत्तचिती करून दिली होती. शंकू भरायचा, ओतायचा, तीनदा केलं की डबा भरतो. दाणे म्हणून आमच्या घरमालकीण गौरम्मांकडून ज्वारी मागितली. तेवढ्यात मला साइटवरून फोन आला (कॉलमच्या सळया कमी पडत होत्या, ती कथा वेगळी) आणि मी बाहेर गेले. गौरम्मा मूळच्या पलीकडच्या, कर्नाटकातल्या. माप कुणाच्या हाती देत नाहीत. तनुजाने आता सांगितलं, की त्यांनी स्वतःच शंकू भरला आणि आपल्याकडे लेकीला धान्य घालताना भरतात तसा भरला, काठावर ढीग चढवून. तनुजा म्हणाली, "अव्वा, शीग नको, सपाट करा." त्यावर अव्वा, "सपाट माप बाजारात. घरच्या लेकीला शीग असल्याबिगर घालत न्हाईत." "पण हे भूमितीचं हाय हो!" "कशाचं का असंना. ज्वारी माझी हाय."

शंकू बुटका होता, त्रिज्येइतकीच उंची (पुठ्ठा तेवढाच उरला होता), त्यामुळे शीग भलतीच भरली. दुसऱ्याच शंकूला डबा काठोकाठ भरला आणि चार दाणे खाली सांडले. उंच शंकू केला असता तर उत्तर सव्वादोन-अडीच आलं असतं आणि पोरीला संशय आला असता. दोन हा आकडा मात्र फार सज्जन दिसतो. तिने पुस्तकावर काट मारली आणि डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं.

मी कामावर रोज मोजमापं तपासते. बरोबर उत्तरामागे काहीच पुरावा नाही, असं दिवसातून अनेकदा दिसतं. चुकीच्या उत्तरामागे इतका नीट पुरावा मी पहिल्यांदा पाहिला. पुस्तकातली सगळी मापं सपाट असतात, हे पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. ज्या घरात कुणी कधी सपाट माप घातलं नाही, तिथल्या मुलीने ते कुठून ओळखावं?

काल आम्ही वाळू घेऊन पुन्हा केलं. पट्टी फिरवून. (गौरम्मा उठून आत गेल्या. त्यांना ते बघवलं नाही.) तीन आले. मला वाटलं, संपलं. तर तनुजा म्हणते, "मग ती वरची शीग कुठं गेली? ती बी शंकूच हाय की, ताई." तिने ज्वारी परत आणली, ढिगाची उंची मोजली, दोन्ही शंकूंची बेरीज केली आणि गौरम्मांच्या मापाने डबा दोनाला किंचित कमीत भरतो, हे कागदावर काढून दाखवलं. खाली सांडलेल्या दाण्यांसकट हिशेब जुळला. ही मुलगी घरी बसून सूत्रं पाठ करायच्या कामाची नाही.

मी हे तिच्या अभ्यासापुरतं लिहितेय. माझं यात काही नाही. ती गेली तर खोलीत एक टेबल रिकामं होईल, इतकंच.

गुडघ्याला जप.

तुझी,
पूनम

ता. क. मागणी लिहायची राहिलीच. रविवारी काकांना येऊ देऊ नकोस. परीक्षा होईपर्यंत तिला इथेच राहू दे. लातूरचं "नंतर बघू" असं ते म्हणाले तरी चालेल, फक्त "नाही" म्हणू देऊ नकोस.

आणखी एक. शीग, शंकू, एक तृतीयांश, यातलं काकांना काही सांगू नकोस. ते उलट प्रश्न विचारतील आणि तू अडकशील. एवढंच सांग, की पूनम तिथं एकटी असते, कामावरून येते तर घरात बोलायला कुणी नसतं, तनुजा असली की तिला बरं वाटतं. हे कारण त्यांना लगेच पटेल. मी तुला खोटं बोलायला सांगतेय, असं मात्र समजू नकोस.