आईच्या रेघा पेन्सिलनं मिटवल्या त्याबाबत

रिठद, ता. १८ एप्रिल १९७४

तीर्थरूप जगदेवभाऊजी यांस,

जानरावचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुमची आन ताईची तब्येत बरी असंल. तुमचे गुडघे दुखत असतील तं अजून थोडे दुखो, कारन मी लई तापलो हाव. (रागात कागद लिहू नये असं आई म्हनते. पन राग उतरल्यावर लिहाचं तं कायले लिहाचं?)

तुमाले ठाऊक हाय, नागपूरच्या प्रदर्शनवाल्यायनं पंचवीस तारखेच्या आत सुरईचा फोटो मांगतला. फोटो पटला तरच बलावतील. सुरई म्या घडवली, पन तिच्यावरच्या रेघा आईनं फनीनं ओढल्या. आता तिचा हात कापते, तशा रेघा पुन्हा होनार नाहीत. त्या नागपूरच्या लोकायनं पाहाव्या, एवढंच माहं म्हननं. आन तुमी पाठवला कोन, तं तुमचा दोस्त उदयसिंग, ज्यानं वाशीमच्या स्टुडिओत जलमभर नवरा-नवरीचे फोटो काढले.

एस.टी.तून उतरला तो दोन कॅमेरे, तीन पायाची घोडी आन पाचशेचे दोन बल्ब घेऊन. लहान कॅमेरा पेटीतून काढलाच नाही. मोठ्या कॅमेऱ्यानं मान राह्यते म्हने. म्या सांगतलं, भाऊ, उन कलू दे, आंगनात आडव्या उनात ठेव, मंग रेघ न रेघ दिसते, आमी कुंभार मडकं तसंच पारखतो. तुले फोटोतलं काय समजते म्हून त्यानं मले गप्प केलं. पिठाच्या गिरनीतून तार आनली, दोन्ही बल्ब सुरईच्या तोंडावर लावले, फ्यूज गेला, दळन थांबलं आन अर्धं गाव माह्या दारात भांडाले उभं. मंग सुरई चमकते म्हून तिले तोंडाची पावडर फासली. मांगं तळ्यातल्या हंसाचा पडदा, पुढं खुर्ची, खुर्चीवर सुरई. हार तेवढा घातला नाही. (आनला होता.)

काल टपालानं फोटो आले. रेघा गायब. सुरई कसली, अल्युमिनियमचा गुळगुळीत लोटा. संगं चिठ्ठी, की सुरकुत्या लई होत्या, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून मिटवल्या. आईनं फोटो उलटा-सुलटा करून पाह्यला आन चुलीकडं गेली. तिथं माहं डोकं फिरलं. भाऊजी, माह्या बहिनीचे धनी हा म्हून एवढंच लिहितो, की असा मानूस पाठवताना तुमची अक्कल कुठी गेली होती?

आपला, बहिनीपुरता,
जानराव

ता. क. आयतवारी तुमचा सादा डबा-कॅमेरा घेऊन याच. बल्ब नको. पाचाच्या आत या, त्यानंतर उन आडवं होते. सुरई आई धरंल.

ता. क. दुसरा (ताईले वाचून दाखवू नका). त्या दिशी म्या माहाही एक फोटो काढून घेतला. तोंडावरचे देवीचे खड्डे मिटवजो, असं उदयसिंगले मीच सांगतलं. त्यानं विचारलं, सगळेच फोटो साफ करू काय? म्या हो म्हनलं. माहा फोटो झकास आला. आईले दाखवला तं विचारते, हा कोन? तरी येताना उदयसिंगकडून त्याच्या तीन प्रती घेऊन या.